नळी जागेवर राहावी म्हणून

आजवर आम्ही इथं बचतीचा, पाण्याचा, बियाण्याचा इतिहास सांगितला. आज एका नळीचा इतिहास सांगणार आहोत. लहान लेकराच्या डोक्यातलं साचलेलं पाणी बाहेर काढणारी ही नळी. ती जागेवर टिकवायला माणसांनी किती वर्षं खटपट केली, त्याची ही गोष्ट आहे.

हा विषय आमच्याकडे कसा आला ते आधी सांगतो. गेल्या पावसाळ्यात आमच्या गटातल्या एका आक्काचा नातू आजारी पडला. लेकीचा मुलगा, आठ महिन्यांचा. आधी ताप, मग उलट्या, मग पोर झोपेतून उठेचना. शहरातल्या मोठ्या दवाखान्यात नेलं तेव्हा कळलं की मेंदूचा ताप आहे आणि डोक्यात पाणी साचलंय. गटातून तातडीचं अंतर्गत कर्ज काढलं, दोन बाया सोबत गेल्या. डॉक्टरांनी रात्रीच ऑपरेशन केलं आणि डोक्यातून एक बारीक नळी बाहेर काढून पिशवीला जोडली. पोरानं दुसऱ्या दिवशी डोळे उघडले. आम्हाला वाटलं, संकट टळलं.

तिसऱ्या रात्री चादर बदलताना लेकीनं बाळाला उचललं आणि नळी कॉटच्या कठड्यात अडकली. ओढ इतकी हलकी होती की तिला कळलंही नाही. थोड्या वेळानं ती म्हणाली, "आई, उशी ओली लागतीय." नळी सरकली होती. सकाळी पोराला पुन्हा ऑपरेशनला न्यावं लागलं.

बाळाला पुन्हा आत नेलं, त्या वेळी बाहेर जे घडलं ते आम्हाला अजून बोचतं. सासरची माणसं लेकीला म्हणाली, "एवढं एक पोर तुला धड धरता आलं नाही." ती काही बोलली नाही. पुढचे दोन दिवस तिनं बाळाला मांडीवरसुद्धा घेतलं नाही. हात लावायची तिला भीती वाटायची.

आमच्यातल्या दोघीजणी तिथंच होत्या. दुसऱ्या ऑपरेशननंतर त्यांनी पाहिलं, की या वेळी नळी वेगळ्या तऱ्हेनं बांधलीय. त्यांनी वॉर्डातल्या सिस्टरांना विचारलं. सिस्टर भल्या होत्या, त्यांनी समजावून सांगितलं. गावी आल्यावर आम्ही आणखी वाचलं, आमच्या ओळखीच्या डॉक्टरांना विचारलं. तेव्हा कळलं, की जी नळी धरून ठेवता आली नाही म्हणून एका आईला बोल लागला, ती धरून ठेवायला जगातल्या मोठमोठ्या सर्जननासुद्धा दोनशेहून जास्त वर्षं लागली.

आधी हे पाणी काय असतं ते बघू. आपल्या प्रत्येकाच्या मेंदूत आणि मेंदूभोवती स्वच्छ पाण्यासारखा एक द्रव खेळत असतो. मोठ्या माणसात तो एका वेळी साधारण १५० मिलीलीटर असतो, आणि दिवसाला जवळजवळ अर्धा लीटर नवा तयार होतो. जेवढा तयार होतो तेवढा रक्तात जिरतो. विहिरीत झरा चालू आणि उपसाही चालू, म्हणून पातळी सारखी राहते, तसंच हे. वाट कुठं बंद झाली, की पाणी साचतं आणि मेंदू दाबला जातो. वाट बंद व्हायची कारणं बरीच: मेंदूचा ताप, आत झालेला रक्तस्राव, गाठ, डोक्याला मार, किंवा जन्मतःच असलेला दोष. तान्ह्या बाळाची टाळू भरलेली नसते, म्हणून त्याचं डोकं मोठं होत जातं, टाळू फुगते, डोळे खाली वळलेले दिसतात. याला डॉक्टर हायड्रोसिफॅलस म्हणतात.

उपाय दोन तऱ्हेचे. एक कायमची नळी, ती पूर्ण कातडीखालून डोक्यातून पोटात नेतात. तिला शंट म्हणतात. दुसरी तात्पुरती नळी, ती डोक्यातून बाहेर येते आणि पिशवीला जोडतात. द्रवात जंतू असले, रक्त असलं, तर शंट लगेच घालता येत नाही. तो तुंबतो किंवा त्यालाच जंतू धरतात. तेव्हा आधी बाहेरची नळी लावतात. आमच्या आक्काच्या नातवाला ही बाहेरची नळी होती.

बाहेरच्या नळीची पहिली लिहून ठेवलेली हकीकत १७४४ सालची आहे. फ्रान्समधल्या रुआँ शहरात क्लोद निकोला ल का नावाचा सर्जन होता. त्याच्याकडे डोक्यात पाणी झालेलं एक तान्हं मूल आलं. त्या काळी सुईनं भोक पाडून सगळं पाणी एकदम काढलं, तर मूल दगावतं, हे त्याला ठाऊक होतं. म्हणून त्यानं खास नळी बनवली. ती डोक्यात ठेवायची, तोंड बंद करायचं, आणि रोज थोडं थोडं पाणी काढायचं. कल्पना आजच्या डॉक्टरांनाही पटेल अशीच होती. पण ते मूल काही दिवसांतच गेलं. तेव्हा भूल नव्हती, आणि जंतू म्हणजे काय हे कुणालाच माहीत नव्हतं.

पुढं शंभरहून जास्त वर्षं असंच चाललं. नळी घालणारे होते, पण नळीच्या वाटेनं आत जंतू जात आणि पोरं त्यानंच जात. १८६७ साली ब्रिटनमध्ये जोसेफ लिस्टर यांनी जंतुनाशक वापरून ऑपरेशन करायची रीत जगापुढं मांडली. त्यानंतर १८८१ मध्ये कार्ल वेर्निके या जर्मन डॉक्टरांनी निर्जंतुक पद्धतीनं मेंदूतलं पाणी बाहेर काढलं. अमेरिकेत १९१३-१४ च्या सुमाराला वॉल्टर डँडी आणि केनेथ ब्लॅकफन यांनी प्रयोग करून हा द्रव कुठं तयार होतो, कुठून वाहतो, आणि वाट अडली की काय होतं, हे दाखवलं. १९६० मध्ये स्वीडनच्या निल्स लुंडबर्ग यांनी मेंदूत नळी ठेवून आतला दाब सतत मोजायची पद्धत मांडली. त्यानंतर डोक्यात नळी कित्येक दिवस ठेवायची रीत रुळली. दिवस वाढले, तसे नळी निसटायचे आणि जंतू शिरायचे प्रसंगही वाढले.

इथं आई-बापांच्या दोन गोष्टी सांगायलाच हव्यात. त्या शंटच्या आहेत, पण त्यांच्याशिवाय हा इतिहास पुरा होत नाही.

पहिली अमेरिकेतली. जॉन होल्टर हे कुलपांच्या कारखान्यात काम करणारे तंत्रज्ञ. १९५५ मध्ये त्यांचा मुलगा केसी जन्मला, पाठीच्या मणक्यात दोष आणि डोक्यात पाणी घेऊन. त्या काळचे शंट सारखे तुंबायचे. होल्टर यांनी फिलाडेल्फियातल्या डॉ. युजीन स्पिट्झ यांच्याकडून अडचण समजून घेतली आणि घरी बसून, सिलिकॉन वापरून, एकाच दिशेनं पाणी सोडणारी बारीक झडप बनवली. १९५६ मध्ये ती एका दुसऱ्याच मुलाला बसवली गेली. केसीला फार आयुष्य लाभलं नाही. पण होल्टर झडपेनं नंतर जगभरातली हजारो मुलं वाचली.

दुसरी रोआल्ड डाल यांची, ज्यांच्या मुलांसाठी लिहिलेल्या गोष्टी आपल्या शाळांतही वाचतात. डिसेंबर १९६० मध्ये न्यूयॉर्कमध्ये त्यांच्या चार महिन्यांच्या थिओच्या बाबागाडीला टॅक्सीनं धडक दिली. थिओच्या डोक्यात पाणी झालं, शंट घातला, तो पुन्हा पुन्हा तुंबला. डाल यांना स्टॅन्ली वेड आठवले. हे गृहस्थ खेळण्यातल्या विमानांच्या इंजिनांसाठी चिमुकले पंप बनवायचे. लंडनचे सर्जन केनेथ टिल यांना सोबत घेऊन तिघांनी १९६२ च्या सुमाराला नवी झडप तयार केली, आणि त्यावर नफा घ्यायचा नाही असं ठरवलं. थिओला ती झडप लागलीच नाही, तो आधीच सावरला. सुमारे ३,००० मुलांना मात्र ती लागली.

आता पुन्हा बाहेरच्या नळीकडं येऊ. तिची अडचण झडपेची नव्हती. डोक्याला भोक, त्यातून सरळ बाहेर येणारी नळी, आणि शेजारी हवा, घाम, हात. जंतूंना आत जायला सरळ रस्ता. शिवाय जरा ओढ बसली की नळी थेट मेंदूतूनच सरकायची.

याला फार साधा उपाय निघाला. नळी भोकापाशीच बाहेर काढायची नाही. ती डोक्याच्या कातडीखालून काही अंतर न्यायची आणि लांबवर दुसऱ्या छिद्रातून बाहेर काढायची. साडीच्या नेफ्यातून नाडी जाते, तशी. १९८० मध्ये अमेरिकेतल्या फ्रीडमन आणि व्हरीज या डॉक्टरांनी अशा १०० नळ्यांचा हिशेब मांडला, आणि त्यात एकालाही जंतुसंसर्ग झाला नव्हता. कातडीखालचा तो छोटा बोगदा दोन कामं करायचा: जंतूंची वाट लांबवायचा आणि नळीला धरून ठेवायचा. १९९५ मध्ये आणखी काही डॉक्टरांनी नळी कातडीखालून छातीपर्यंत किंवा पोटापर्यंत नेऊन बघितली, म्हणजे ती जास्त दिवस ठेवता येते. १७४४ ते १९८० म्हणजे २३६ वर्षं. एवढ्या काळात कित्येक हुशार माणसांचे हात त्या नळीला लागले.

बोगद्यानंतर येतो टाका आणि वेटोळा. आमच्या सिस्टरांनी हेच दाखवलं. नळी बाहेर आली की तिथं टाका घालून ती कातडीला बांधतात. मग नळीला एक-दोन वेटोळे देतात आणि तेही डोक्याला टाक्यांनी पक्के करतात. त्यावर ड्रेसिंग. वेटोळा कशासाठी? ज्यांच्या घरी बोअरची मोटर आहे त्यांना लगेच कळेल. मोटर पाइपाच्या आणि वायरीच्या भरवशावर सोडत नाहीत. दोर वेगळा बांधतात, आणि वायर जराशी सैल ठेवतात. ओढ बसली तर ती दोरावर बसावी, वायरीच्या जोडावर नाही. नळीचंही तसंच. बाहेरून झटका बसला तर आधी वेटोळा ताणला जातो, टाके तो पेलतात, आणि मेंदूतलं टोक आहे तिथं राहतं.

मोठ्या माणसांत काही ठिकाणी कवटीत बारीक स्क्रू बसवून नळी त्याला घट्ट करतात. तान्ह्या मुलाची कवटी त्यासाठी फार पातळ असते. त्याची कातडीही पातळ, टाका लवकर कापत जातो. त्याला "हात लावू नको" सांगून कळत नाही. ते रडतं, डोकं घुसळतं, आईच्या खांद्याला घासतं, सापडेल ते मुठीत धरून ओढतं. म्हणून मुलांच्या वॉर्डात ही नळी बांधायची रीत आजही डॉक्टर आणि नर्स सुधारत असतात: टाके किती, वेटोळे किती, ड्रेसिंग कुठलं, बाळाला हलवताना कोणी काय धरायचं. जिथं सगळे एकाच पद्धतीनं आणि यादी करून हे काम करतात, तिथं नळी निसटणं कमी होतं.

काही बाळांना, खास करून दिवस भरायच्या आधी जन्मलेल्यांना, बाहेर काही लोंबूच नये म्हणून कातडीखाली एक छोटी डबी ठेवतात आणि बारीक सुईनं तिच्यातून पाणी काढतात. ती डबी १९६३ मध्ये अयूब ओमाया यांनी मांडली. ते फाळणीपूर्वीच्या पंजाबात जन्मले, पुढं अमेरिकेत सर्जन झाले. तिला आजही ओमायांचंच नाव आहे.

नळीचा मालही बदलला. नळीतच जंतुनाशक औषध भिनवायची युक्ती निघाली. २००३ मध्ये अमेरिकेतल्या एका अभ्यासात बाहेरच्या साध्या नळीनं १०० तल्या ९.४ जणांना संसर्ग झाला, आणि औषध भिनवलेल्या नळीनं १.३ जणांना. शंटच्या बाबतीत २०१९ मध्ये ब्रिटन आणि आयर्लंडमधल्या १,६०५ रुग्णांवरचा मोठा अभ्यास आला; तिथंही साध्या शंटला ६ टक्के आणि औषधवाल्याला २ टक्के संसर्ग दिसला.

यात आपल्या देशाचाही वाटा आहे. दिल्लीच्या एम्समध्ये मुलांचे सर्जन प्रा. पुरुषोत्तम उपाध्याय यांनी देशी झडप बनवली. उत्तर प्रदेशातल्या शाहजहानपूरला तयार होणारा छाब्रा शंट आज बऱ्याच गरीब देशांत वापरतात. आफ्रिकेतल्या युगांडामध्ये, मबाले गावच्या मुलांच्या दवाखान्यात डॉ. बेंजामिन वॉर्फ यांनी तो ३५ डॉलरचा शंट आणि ६५० डॉलरचा परदेशी शंट यांची तुलना केली. २००५ मध्ये त्यांनी लिहिलं, की वर्षभरानंतर दोन्हींत फरक दिसला नाही. स्वस्त म्हणजे वाईट, असं मानणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

आणि एक गोष्ट थेट आपल्या मुंबईची. १९२८ च्या सुमाराला लुसी विल्स नावाच्या ब्रिटिश डॉक्टरबाई मुंबईत आल्या. गिरणीत काम करणाऱ्या गरोदर बाया एका वेगळ्या पंडुरोगानं खंगत होत्या. विल्सबाईंनी त्यांचं जेवण तपासलं, आणि यीस्टच्या अर्कानं त्या बऱ्या होतात हे दाखवलं. १९३१ मध्ये ते छापून आलं. त्या अर्कातलं जे काम करत होतं, ते पुढं फॉलिक अॅसिड म्हणून ओळखलं गेलं. १९९१ मध्ये सात देशांत झालेल्या अभ्यासानं सिद्ध केलं, की आधी मणक्याचा दोष असलेलं मूल झालेल्या बाईनं गर्भ राहण्याआधीपासून फॉलिक अॅसिड घेतलं, तर तो दोष पुन्हा होणं ७२ टक्क्यांनी कमी होतं. केसी होल्टरला होता तोच हा दोष, आणि डोक्यात पाणी होण्याचं ते एक मोठं कारण. बाळाच्या मणक्याची नळी गर्भ राहिल्यापासून चार आठवड्यांत मिटते, बऱ्याचदा बाईला दिवस गेल्याचं कळायच्या आत. म्हणून मूल हवं असेल तर आधीच आशाताईला किंवा डॉक्टरांना गोळीबद्दल विचारा. आधीचं मूल असं झालेलं असेल तर मात्र जास्त मात्रा लागते, ती डॉक्टरच ठरवतील. आपल्याकडं शाळेत मुलींना मिळणाऱ्या निळ्या गोळीत लोहाबरोबर हेच फॉलिक अॅसिड असतं. ती गोळी दप्तरात पडून राहू देऊ नका.

आता वॉर्डात बसणाऱ्या आयांसाठी, सिस्टरांनी आम्हाला शिकवलं ते. बाळाला उचलायचं, कुशीवर वळवायचं, दूध पाजायला मांडीवर घ्यायचं, तर आधी सिस्टरांना हाक मारायची. पिशवी बाळाच्या डोक्याच्या मापानं ठरावीक उंचीवर टांगलेली असते. ती खाली गेली किंवा बाळ वर उचललं गेलं तर पाणी भराभर निघून जातं, म्हणून हलवण्याआधी नळी बंद करावी लागते, आणि नंतर आठवणीनं उघडावी लागते. ते काम सिस्टरांचं. आपण आठवण करून द्यायची. उशी किंवा ड्रेसिंग ओलं लागलं, पिशवीत पाणी येईनासं झालं, पाणी गढूळ किंवा लाल दिसलं, बाळाला ताप, उलटी किंवा जास्तीची झोप आली, तर सकाळची वाट बघायची नाही. नळी सरकलेली दिसली तर ती स्वतः आत ढकलायची नाही, ओढायचीही नाही. बाळाला स्थिर धरून ओरडून बोलवायचं. आणि रात्री एकट्या आईवर सगळं टाकायचं नाही. दुसऱ्या ऑपरेशननंतर आमच्या गटातल्या बायांनी पाळ्या लावल्या, चार-चार तासांच्या. लेकीला झोप मिळाली.

दुसरी नळी टिकली. द्रव स्वच्छ झाल्यावर डॉक्टरांनी ती काढून शंट घातला. बाळ आता बसतं, भिंतीला धरून उभं राहतं. एक डोळा जरा तिरपा आहे, तपासणीला सारखं जावं लागतं. शंट कधी तुंबू शकतो, हेही लेकीला आता माहीत आहे. कर्जाचे हप्ते चालू आहेत.

मागच्या महिन्यात आक्कानं लेकीच्या सासूबाईंना आमच्या बैठकीला आणलं. आम्ही त्यांना हाच इतिहास सांगितला, जसा तुम्हाला सांगितला. रुआँच्या ल कापासून शाहजहानपूरपर्यंत. शेवटी त्या सासूबाईंनी विचारलं, "म्हंजे डॉक्टरांच्याबी हातून निसटायची व्हय?" आम्ही म्हटलं, हो मामी, शंभरदा निसटली, तेव्हा कुठं बांधायची रीत सापडली. त्या बराच वेळ गप्प होत्या. मग त्यांनी नातवाला सुनेच्या मांडीवर दिलं आणि म्हणाल्या, "घे गं, तूच धर. तुला जमतंय."

तुमच्या गावात असं एखादं लेकरू असेल, तर त्याच्या आईला बोल लावण्याआधी ही गोष्ट तिच्या घरच्यांना सांगा. आणि जमलं तर रात्रीची एक पाळी घ्या.